सुती स्वेटशर्ट घरी शिवताना : कापड धुण्यापासून घेराच्या पट्टीपर्यंत

कोथरूडमधल्या माझ्या शिवणवर्गात दिवाळी झाली की स्वेटशर्ट घेऊन येणाऱ्या मैत्रिणींची ये-जा सुरू होते, आणि बहुतेकींच्या हातातला स्वेटशर्ट शिवून पूर्ण झालेला, पण घालता न येणारा असतो. कोणाचा गळा फुललेला असतो, कोणाच्या घेराची पट्टी लोंबत असते, तर कोणाच्या बाह्या पहिल्याच धुण्यात मनगटाच्या वर चढलेल्या असतात. या बायका शिवणात कच्च्या नाहीत; अस्तराचा ब्लाउज आणि कळ्यांचा कुर्ता त्या सहज शिवतात. चूक एवढीच होते, की मागावरच्या कापडाची शिस्त त्या होजिअरीच्या कापडाला लावतात. होजिअरीचे कापड फाशांत फासा अडकवून बनलेले असल्यामुळे ते दुकानात, धुतल्यावर आणि सुईखाली अशी तीन वेगवेगळी मापे दाखवते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. उदाहरणातली मापे ३६ इंच छातीच्या, अंगाला सैलसर बसणाऱ्या स्वेटशर्टची आहेत.

टप्पा १ : कापडाची निवड

दुकानात नुसते 'स्वेटशर्टचे कापड' मागितले, तर बहुधा आतून मऊ लव काढलेले जाड फ्लीस समोर येते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरत असला, तरी दुपारी तोच २८-३० अंशांपर्यंत जातो, आणि मग जाड फ्लीस अंगावर ठेववत नाही. रोजच्या वापरासाठी आतल्या बाजूने बारीक फासे दिसणारे, लव न काढलेले कापड घ्यावे. बाजारात त्याला 'लूपनिट' म्हणतात. वजन २४० ते २८० जीएसएम असावे. त्याहून हलके कापड पट्टीच्या वजनाने खाली ओढले जाते, आणि ३२० जीएसएमच्या वरचे कापड घरगुती यंत्राच्या पायाखाली चार पदरी जाताना अडकते.

होजिअरीचे कापड पुष्कळ दुकानांत मीटरवर नाही, तर किलोवर मिळते, त्यामुळे हिशेब घरूनच करून जावा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. नळीसारखे विणलेले कापड उघडल्यावर ७२ इंच, म्हणजे सुमारे १.८३ मीटर पन्ह्याचे असेल आणि वजन २८० जीएसएम असेल, तर एक मीटर लांबीचे वजन साधारण ५१० ग्रॅम भरते. आपल्याला आकसण्याची सूट धरून सव्वा मीटर लागते, म्हणजे सुमारे ६४० ग्रॅम. पाऊण किलो कापड आणि पाव किलो रिब (गळा, मनगट आणि घेराच्या पट्ट्यांसाठीचे उभ्या रेघांचे, जास्त ताणले जाणारे कापड) घेतली की टीप तपासायलाही तुकडे उरतात.

रिब त्याच वेळी, त्याच दुकानातून घ्यावी आणि दोन्ही कापडे दुकानाबाहेर उन्हात एकमेकांवर ठेवून रंग पाहावा. ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसणारे दोन काळे रंग उन्हात एक निळसर आणि एक तपकिरी निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

तपासणी : रिबचा १० सेंटीमीटरचा भाग दोन चिमटीत धरून आडवा ताणावा. तो किमान १६ सेंटीमीटरपर्यंत जायला हवा आणि सोडल्यावर पुन्हा १० सेंटीमीटरवर यायला हवा. तो ११ वर थांबला, तर ती रिब महिन्याभरात सैल पडेल. लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा धागा, असलेली रिब घेतलेली बरी.

कापड खरोखर सुती आहे का याची शंका असल्यास घरी येऊन कडेचे चार धागे चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळून त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी बनतो. राख आणि मणी दोन्ही मिळाले, तर कापड मिश्र आहे.

टप्पा २ : धुणे, मोजणे आणि कापडाला विसावा देणे

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि सर्वांत जास्त नुकसान यानेच होते. माझ्या भाचीसाठी शिवलेल्या पहिल्या स्वेटशर्टच्या वेळी 'हे आकसत नाही' या दुकानदाराच्या शब्दावर विसंबून मी कापड न धुताच बेतले, पुढच्या भागावर काश्मिरी टाक्याची मोठी वेल भरली आणि २४ इंच उंचीचा स्वेटशर्ट तिला दिला. एका धुण्यानंतर त्याची उंची साडेबावीस इंच भरली. वेलीतला दोरा आकसला नव्हता, कापड आकसले होते, त्यामुळे वेलीभोवती सगळीकडे चुण्या पडल्या. त्या इस्त्रीने गेल्या नाहीत आणि जाणारही नव्हत्या.

कापड टेबलावर न ताणता पसरून एका कोपऱ्यात ५० सेंटीमीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखावा. खडू धुण्यात जातो, म्हणून चारही कोपऱ्यांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एकेक टाका घालावा. मग शिवलेला स्वेटशर्ट ज्या पद्धतीने धुतला जाणार आहे, त्याच पद्धतीने सगळे कापड आणि रिब धुवावी. यंत्रात धुणार असाल, तर आताही यंत्रातच धुवावे. गडद रंगाचे कापड पहिल्या वेळी वेगळे धुवावे. ओले कापड एका टोकाला चिमटे लावून लोंबकळत ठेवू नये, कारण पाण्याच्या वजनाने ते उभे ताणले जाते आणि आपण मोजलेले आकसणे खोटे ठरते. चारपाईवर किंवा दोन-तीन समांतर दोऱ्यांवर आडवे पसरून वाळवावे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एवढे जाड कापड दोन दिवसांतही नीट वाळत नाही आणि त्याला वास धरतो. हे धुण्याचे काम ऑक्टोबरच्या उन्हात उरकून ठेवणे उत्तम.

वाळल्यावर चौकोन पुन्हा मोजावा. उभे माप ५० चे ४७ झाले असेल, तर आकसणे ६ टक्के आहे आणि सुती लूपनिटसाठी ते नेहमीचे आहे. कापड दुसऱ्यांदा धुवावे. दुसऱ्या वेळी अर्ध्या सेंटीमीटरहून अधिक फरक पडला, तर तिसरे धुणे घ्यावे.

तपासणी : त्याच चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजावेत. धुण्यापूर्वी ते दोन्ही ७०.७ सेंटीमीटर असतात. धुतल्यानंतर त्यांच्यात साडेतीन सेंटीमीटरहून अधिक फरक आला, तर कापड विणीतच पिळलेले आहे, आणि अशा कापडाच्या स्वेटशर्टची बाजूची शिवण काही धुण्यांनंतर पोटावर आलेली दिसते. हे कापड स्वेटशर्टला वापरू नये. उशीचे अभ्रे शिवावेत.

धुतलेले कापड टेबलावर सपाट पसरून किमान एक रात्र तसेच ठेवावे. गुंडाळीत ताणलेले फासे या वेळात आपल्या जागी येतात.

टप्पा ३ : मापे आणि कागदी आराखडा

कुर्त्याचा आराखडा थोडा सैल करून स्वेटशर्ट होत नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची काखेची गोलाई, अधिक खोल, बाहीचा माथा अधिक सपाट आणि खांदा किंचित उतरलेला असावा लागतो.

छाती ३६ इंच असेल, तर तयार माप ४२ इंच धरावे, म्हणजे चौथा हिस्सा साडेदहा इंच येतो. मुंढ्याची खोली ९ इंच ठेवावी. खांद्याचे माप १४ असेल, तर आराखड्यात १५ घ्यावे आणि दोन्ही बाजूंनी उतरलेला अर्धा-अर्धा इंच बाहीच्या लांबीतून वजा करावा. बाहीच्या माथ्याची उंची ४ इंच पुरते.

गळ्याची निम्मी रुंदी पावणेचार इंच, पुढची खोली पावणेचार इंच आणि मागची १ इंच घ्यावी. ही सर्व मापे शिवणीच्या रेषेची आहेत, कापण्याच्या नाहीत. या मापांनी गळ्याचा पूर्ण घेर सुमारे २० इंच येतो. त्याहून लहान गळा ठेवू नये, कारण डोक्याचा घेर साधारण २२ इंच असतो आणि लूपनिट रिबइतके ताणले जात नाही.

उंचीच्या हिशेबात नेहमी होणारी चूक म्हणजे पट्टीची उंची वजा न करणे. तयार उंची २४ इंच हवी असेल आणि घेराची पट्टी अडीच इंचांची असेल, तर मुख्य भाग साडेएकवीस इंचांचा लागतो. त्यात वर-खाली तीन-तीन अष्टमांश इंच दाब, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, मिळवला की कापण्याची उंची सव्वाबावीस इंच होते. बाहीतूनही मनगटपट्टीची उंची अशीच वजा करावी. तीन अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १ सेंटीमीटर दाब सर्व शिवणींना एकसारखा ठेवावा. ब्लाउजसारखी आतून दीड इंच माया सोडू नये, कारण जाड कापडात ती काखेखाली गोळा होऊन टोचते.

टप्पा ४ : बेतणे

कापड टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू देऊ नये. उरलेला भाग खुर्चीवर किंवा दुसऱ्या टेबलावर ठेवावा. नळीच्या कापडाला दुकानात पडलेली घडी सरळ असेलच असे नाही, म्हणून त्या घडीवर विश्वास न ठेवता सुलट बाजूवरची विणीची एक उभी ओळ शोधून, तिच्यावर दोऱ्याने खुणा करून घडी घालावी. आराखड्याची मधली रेघ या ओळीवर बसवावी. पुढचा आणि मागचा भाग शेजारी-शेजारी, एक बाही त्यांच्या बाजूला आणि दुसरी खाली अशी मांडणी ७२ इंच पन्ह्यात बसते.

टाचण्या कमी आणि वजने जास्त वापरावीत. वाटाण्याने भरलेल्या छोट्या पुरचुंड्या यासाठी छान चालतात. कात्री टेबलाला टेकवून चालवावी. कापड उचलले की कापलेली कड ताणली जाते.

रिबच्या पट्ट्या नेहमी अशा कापाव्यात की रिबच्या उभ्या रेघा पट्टीच्या रुंदीत राहतील आणि ताण पट्टीच्या लांबीत मिळेल. पट्टी उलट दिशेने कापली, तर गळ्यातून डोके जाणार नाही.

पट्ट्यांची लांबी ठरवताना शिवणीच्या रेषेचे माप आधार धरावे. लायक्रा असलेल्या रिबची गळपट्टी गळ्याच्या ८० टक्के, म्हणजे २० इंचांना १६ इंच आणि जोडाचा पाऊण इंच अशी एकूण पावणेसतरा इंच घ्यावी. लायक्रा नसलेल्या रिबला ८५ ते ९० टक्के लागतात. मनगटपट्टी तयार ७ इंच पुरते. घेराची पट्टी ठरवताना टक्केवारीपेक्षा नितंबाचे माप पाहावे आणि त्यातून २ इंच कमी करावेत; नितंब ३८ असेल, तर पट्टी तयार ३६ इंच. पट्टी दुमडून वापरायची असल्याने अडीच इंच तयार उंचीसाठी पावणेसहा इंच रुंद आणि गळ्याच्या १ इंच पट्टीसाठी पावणेतीन इंच रुंद कापावी.

टप्पा ५ : यंत्राची तयारी

सुई बॉलपॉइंट हवी, १४ नंबरची. साधी टोकदार सुई फासा बाजूला सारण्याऐवजी तो तोडते, आणि हे शिवताना दिसत नाही. दोन-तीन धुण्यांनंतर शिवणीच्या कडेला बारीक भोके पडू लागतात. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण सुती दोरा ताणाखाली तुटतो.

झिगझॅगची सोय असल्यास रुंदी १ मिलीमीटरपेक्षा कमी आणि लांबी अडीच ते तीन मिलीमीटर ठेवावी. ही टीप दिसायला जवळजवळ सरळ असते, पण कापडाबरोबर ताणली जाते. पायाचा दाब कमी करण्याचा स्क्रू असेल, तर तो सैल करावा. दाते खालचा पदर ओढतात आणि पाय वरचा पदर मागे धरतो, म्हणून जाड होजिअरीत वरचा पदर शेवटी लांब उरतो.

ज्यांच्याकडे फक्त सरळ टीप मारणारे पायंडलचे यंत्र आहे, त्यांनी खांदे, बाह्या आणि बाजू त्यावर शिवाव्यात, पण गळ्याची आणि घेराची पट्टी टाचून पिको-फॉलच्या दुकानात इंटरलॉकवर, म्हणजे कापडाची कड बांधत शिवणाऱ्या यंत्रावर, लावून घ्यावी. दुकानात चार दोऱ्यांचे यंत्र आहे का, हे आधी विचारावे. तीन दोऱ्यांचे इंटरलॉक कड बांधते, शिवण धरण्याचे काम त्याच्या एकट्यावर सोपवू नये.

तपासणी : उरलेल्या तुकड्यांवर ६ इंच आडवी शिवण मारून ती जोरात ताणावी. दोरा तुटला, तर टीप लहान करावी किंवा झिगझॅगची रुंदी थोडी वाढवावी. शिवण आपोआप लाटांसारखी झाली, तर पायाचा दाब आणखी कमी करावा. ही चाचणी समाधानकारक होईपर्यंत मूळ कापड यंत्राखाली घेऊ नये.

टप्पा ६ : नक्षी, आणि तीही जोडणीच्या आधी

भरतकाम किंवा खणाचे तुकडे लावण्याचे काम पुढचा भाग सुटा असतानाच करावे. शिवलेल्या स्वेटशर्टमध्ये रिंग नीट बसत नाही.

नक्षी गळ्याच्या शिवणीपासून किमान ३ इंच खाली आणि बाजूच्या शिवणींपासून दीड इंच आत ठेवावी. कापडाच्या मागे न ताणणारे नॉन-वोव्हन अस्तर कच्च्या दोऱ्याने टाचावे. रिंगमध्ये कापड ढोलकीसारखे ताणणे ही ब्लाउजच्या भरतकामातली सवय येथे घातक ठरते, कारण रिंग काढताच कापड मागे सरते आणि टाके सैल होऊन उभे राहतात. अस्तर घट्ट असावे, कापड नुसते सपाट. साखळी टाका आणि काश्मिरी टाका कापडाबरोबर थोडे हलतात, म्हणून ते येथे चांगले टिकतात. लांब, भरीव टाके टाळावेत; ते आतल्या फाशांत आणि अंगठीत अडकतात.

लक्ष्मी रोडवर मिळणारा गुळेदगुड्डचा खण सुती स्वेटशर्टवर फार शोभतो, पण तो अजिबात ताणला जात नाही, हे विसरता कामा नये. छातीभर एकच मोठा तुकडा लावला, तर अंगावर चढवताच त्याच्या कडांना चुण्या पडतात. चार इंचांहून लहान तुकडे घ्यावेत किंवा खण उरेब, म्हणजे तिरपा, कापावा. तुकड्यांच्या मागे हलके फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) चिकटवून कडा काजाच्या टाक्याने बांधाव्यात, नाहीतर खणाचे धागे सुटतात. इस्त्री मंद ठेवून वर सुती कापड घालावे.

सावधान : खण आधी वेगळा धुवावा आणि ओला असतानाच पांढऱ्या सुती कापडात दाबून त्यावर इस्त्री फिरवावी. पांढऱ्या कापडावर रंग उतरला, तर तो खण फिक्या स्वेटशर्टवर लावू नये.

काम संपल्यावर जास्तीचे अस्तर नक्षीपासून पाव इंच सोडून कापावे, ओढून फाडू नये.

टप्पा ७ : जोडणी

क्रम असा ठेवावा : आधी दोन्ही खांदे, मग गळपट्टी, मग उघड्या मुंढ्याला बाही, त्यानंतर बाहीखालची आणि बाजूची शिवण एकसंध, आणि शेवटी मनगटपट्ट्या व घेराची पट्टी. बाही आधी गोल शिवून नंतर मुंढ्यात बसवली, तर जाड कापडात काखेत गाठ होते.

खांद्याच्या शिवणीत पाव इंच रुंदीची सुती नाडी धरावी. पूर्ण कपड्याचे वजन खांद्यावर येते, आणि नाडी नसेल तर उतरलेला खांदा महिन्याभरात आणखी उतरतो.

आता गळपट्टी. पट्टीची टोके जोडून गोल करावी, उलट बाजू आत राहील अशी दुमडावी आणि तिचे चार समान भाग करून खुणा कराव्यात. गळ्याचेही चार समान भाग करावेत, आणि येथेच बहुतेकींची चूक होते : मागचा मध्य, पुढचा मध्य आणि दोन खांद्यांच्या शिवणी या चार खुणा धरल्या जातात. पुढचा गळा मागच्यापेक्षा खोल असल्याने खांद्याची शिवण हा चौथा हिस्सा नसतो. आपल्या मापात मागच्या मध्यापासून खांद्यापर्यंत सुमारे ४ इंच भरतात, पण चौथा हिस्सा ५ इंचांचा आहे, म्हणजे खूण खांद्याच्या शिवणीच्या १ इंच पुढे पडते. खांद्यावर खूण धरली, तर मागे पट्टी सैल राहून मानेवर उभी राहते आणि पुढे ताणली जाऊन गळा आत ओढते.

पट्टीचा जोड मागच्या मध्यावर ठेवून चारही खुणा टाचाव्यात. शिवताना पट्टी वरच्या बाजूला ठेवावी आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत फक्त पट्टी ताणावी, इतकी की ती खालच्या कापडाच्या लांबीला येईल. खालचे कापड ताणायचे नाही, नुसते सपाट धरायचे. दोन्ही पदर एकत्र ओढले, की गळा फुलतो. मी पाहिलेल्या फुललेल्या गळ्यांपैकी बहुतेकांचे कारण एवढेच होते.

तपासणी : पुढचे काही जोडण्यापूर्वी गळा डोक्यातून घालून काढावा. टाका तुटल्याचा आवाज आला, तर शिवण उसवून टीप बदलावी.

बाही लावताना मुंढा आणि बाही दोन्ही सपाट ठेवून माथ्याची खूण खांद्याच्या शिवणीवर टेकवावी आणि मध्यापासून दोन्ही बाजूंना टाचत जावे. त्यानंतर मनगटापासून काखेतून घेरापर्यंत एकाच शिवणीत यावे. काखेत चार शिवणी भेटतात, तेथे पुढच्या आणि मागच्या दाबाची तोंडे विरुद्ध दिशांना वळवावीत, म्हणजे जाडी एकावर एक चढत नाही.

मनगटपट्टी आणि घेराची पट्टी गळपट्टीसारखीच चार भाग करून लावावी. घेराला मात्र आठ भाग करणे चांगले, कारण ४२ इंचांवर ३६ इंच सारखे वाटणे चार टाचण्यांच्या भरवशावर जमत नाही. मनगटाकडे यंत्राचा हात आत जात नसेल, तर बाहीच्या आतून, पट्टी वर ठेवून शिवावे.

टप्पा ८ : इस्त्री आणि पहिले धुणे

पट्ट्या लावल्यावर शिवणी थोड्या लाटांसारख्या दिसल्या, तर लगेच उसवू नये. वाफेची इस्त्री कापडापासून अर्धा इंच वर धरून वाफ द्यावी आणि हाताने थोपटून सपाट करावे; सुती फासे वाफेने आकसून बऱ्याच लाटा आपोआप बसतात. इस्त्री घासत नेऊ नये. वाफ दिल्यानंतर कपडा पूर्ण थंड होईपर्यंत टेबलावरून उचलू नये, आणि त्यानंतरही गळा फुललेलाच राहिला, तर पट्टी लांब झाली आहे. ती उसवून १ इंच कमी करून पुन्हा लावावी.

पहिल्यांदा उलटा करून, साध्या पाण्यात, आडवा वाळत घालून धुवावा. वाळल्यावर मागच्या मानेपासून घेरापर्यंत मोजावे. टप्पा २ मध्ये कापड दोनदा धुतले असेल, तर आता पाव इंचापेक्षा जास्त फरक पडत नाही. स्वेटशर्ट घडी घालून ठेवावा. हँगरवर टांगला, तर नाडी असूनही बाहीच्या माथ्यावर टोके उमटतात.